गोंडवन : एका नावाचा भूवैज्ञानिक इतिहास

शास्त्रात नावे दोन प्रकारांनी पडतात. काही नावे वस्तूला दिलेली असतात, तर काही त्या वस्तूविषयीच्या उपपत्तीला. हा भेद एरवी सहसा ध्यानात येत नाही; परंतु उपपत्ती कोसळली म्हणजे तो स्पष्ट होतो. आज जेथे हिंदी महासागर आहे तेथे पूर्वी भूमी होती आणि ती पुढे खचली, या कल्पनेशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लेम्युरिया' व 'गोंडवनभूमी' ही दोन नावे निगडित झाली. ती कल्पना चुकीची ठरली. तिच्याबरोबर पहिले नाव भूविज्ञानातून लोपले. दुसरे मात्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही रूढ आहे. असे का घडले, याचा शोध घेऊ गेल्यास पृथ्वीच्या अंतरंगाविषयीच्या आणि जीवसृष्टीच्या इतिहासाविषयीच्या ज्ञानाची वाटचाल बऱ्याच अंशी उलगडते. या वाटचालीचे काही महत्त्वाचे टप्पे नागपूर-चांदा प्रदेशातील आहेत.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या आसमंतातील खडक व जीवाश्म यांचा कसून अभ्यास केला आणि १८५५ मध्ये त्यावरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील दगडात सापडलेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी केले व त्या प्राण्यास 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिले. याच हिस्लॉपांनी गोंडांची भाषा व त्यांची लिंगो-कथेची गीते यांचेही संकलन केले होते. १८६३ मध्ये पाण्यात बुडून त्यांचा अंत झाल्यावर ते कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. गोंडांची गीते आणि गोंडांच्या भूमीतील जीवाश्म एकाच माणसाने गोळा करावेत, हा केवळ योगायोग होय. 'गोंडवन' हा शब्द भूविज्ञानात तेव्हा आलाही नव्हता.

तो आणला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने. टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली १८५१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले मोठे काम दगडी कोळशाच्या शोधाचे होते. दामोदर, महानदी, नर्मदा, वर्धा, गोदावरी अशा परस्परांपासून दूर असलेल्या खोऱ्यांत कोळसा धारण करणारे थर एकाच क्रमाने आढळू लागले, तेव्हा त्या सर्वांना मिळून एक नाव आवश्यक झाले. एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये 'गोंडवाना' हे नाव योजिले आणि ऑटोकार फाइस्टमांटेल यांच्या लेखनातून १८७६ मध्ये ते छापून आले. हे मुळात गोंडांच्या जुन्या राज्यप्रदेशाचे नाव होय. 'गोंड' हे नावही इतरांनी दिलेले आहे. ते लोक स्वतःस 'कोइतूर' म्हणवितात. एवंच, इतरांनी ठेवलेले एका समाजाचे नाव प्रथम प्रदेशास आणि प्रदेशावरून खडकांस मिळाले. त्यात कोणतीही उपपत्ती नव्हती. 'हे थर' एवढाच त्याचा अर्थ होता.

त्या थरांनी सांगितलेली हकीकत मात्र विलक्षण होती. सर्वांत खालचे थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. ओरिसातील तालचेर येथे १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांना बारीक गाळात रुतलेले प्रचंड गोलाश्म दिसले आणि ते बर्फाने वाहून आणले असावेत, असे अनुमान त्यांनी केले. उष्ण कटिबंधात बर्फ ही कल्पना पुष्कळांस पटण्यासारखी नव्हती. परंतु चांद्यापासून जवळ, पैनगंगेच्या पात्रात इरई गावानजीक, चुनखडकाच्या पृष्ठावर व गोलाश्मांवर बर्फाच्या घर्षणाचे ओरखडे असल्याचे फेडन यांनी १८७५ मध्ये नोंदविले आणि शंकेस फारशी जागा उरली नाही. या हिमानी थरांवर दगडी कोळशाचे थर आहेत; ते ज्या अरण्यांचे अवशेष होत, त्यांतील प्रमुख वनस्पती ग्लॉसोप्टेरिस ही होती. त्यानंतरचे मांगलीचे उभयचर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्याहून वर, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील कोटा शैलसमूहात, डायनोसॉरांची हाडे मिळतात; त्यांपैकी 'बारापासॉरस' या महाकाय प्राण्याचे वर्णन कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. बर्फ, अरण्य, उभयचर, सरीसृप हा क्रम विदर्भाच्या पूर्वभागात व त्याला लागून असलेल्या प्रदेशात असा थराथराने वाचता येतो.

प्रश्न निर्माण झाला तो या थरांचे जुळे भाऊ समुद्रापार आढळल्यामुळे. ग्लॉसोप्टेरिस हे नाव आडॉल्फ ब्राँन्यार यांनी १८२८ मध्येच भारत व ऑस्ट्रेलिया येथील नमुन्यांवरून दिले होते. ग्रीक शब्दांप्रमाणे त्याचा अर्थ 'जिभेच्या आकाराचे नेचे'. वस्तुतः ती वनस्पती नेचे नसून बीजी वनस्पती आहे, हे पुष्कळ पुढे कळले. तशीच पाने दक्षिण आफ्रिकेत मिळाली आणि तेथेही त्यांच्याखाली हिमानी थर होते. इकडे प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी मादागास्करमधील लेमूर या प्राण्यांच्या व त्यांच्या भारताकडील आप्तांच्या वितरणाचा उलगडा करण्यासाठी १८६४ मध्ये 'लेम्युरिया' हे बुडालेले खंड कल्पिले होते. हेन्‍री ब्लॅनफर्ड यांनी १८७५ मध्ये वनस्पतींच्या आधारे भारत व आफ्रिका जोडणाऱ्या प्राचीन भूमीचे प्रतिपादन केले. शेवटी व्हिएन्नाचे एडुआर्ट झ्यूस यांनी 'पृथ्वीचे मुख' या अर्थाचे नाव असलेल्या आपल्या ग्रंथात, १८८५ मध्ये, आफ्रिका, मादागास्कर व भारत यांच्या प्राचीन संयुक्त भूमीस 'गोंडवाना-लँड' म्हटले. प्रदेशवाचक नावास पुन्हा 'भूमी' हे पद जोडणे ही द्विरुक्तीच होती; म्हणूनच अनेक भूवैज्ञानिक आता केवळ 'गोंडवाना' असे लिहितात. झ्यूस यांच्या मते या भूमीचे मधले भाग खचून तेथे महासागर झाले.

खंड असे खचू शकते काय, हा प्रश्न जीवाश्मांनी सुटणारा नव्हता. त्याचे उत्तर पृथ्वीच्या रचनेत होते आणि त्याची गुरुकिल्ली भारतातच हाती आली होती. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना व कलियाणपूर या स्थानांच्या अक्षांशांतील अंतर भूमापनाने व ताऱ्यांच्या वेधांनी काढले असता ५.२३६ विकलांचा फरक आला. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा जितका ढळावयास हवा, त्या मानाने हा फरक सुमारे १५.९ विकला यावयास हवा, असे जे. एच. प्रॅट यांचे गणित सांगत होते. एअरी यांनी १८५५ मध्ये याचा उलगडा केला: पर्वताखाली हलक्या खडकांची खोल मुळे असतात आणि पाण्यावर लाकूड तरंगावे, तसे ते अधिक घन द्रव्यावर तोललेले असतात. या तोलास पुढे समस्थायित्व हे नाव मिळाले. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारे रिचर्ड ओल्डहॅम (टॉमस यांचे पुत्र) यांनी भूकंपलहरींचे प्रकार वेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीस निराळा गाभा आहे, असे त्या लहरींवरूनच दाखविले. भूकवच, प्रावरण व गाभा ही रचना अशी क्रमाने स्पष्ट झाली. खंडांचे कवच सुमारे ३५ ते ४० किलोमीटर जाड व हलके, तर महासागरांखालचे सुमारे ७ किलोमीटर आणि जड. हलके खंड जड प्रावरणात बुडणे शक्य नव्हते. बुडालेल्या भूमीची उपपत्ती येथे संपली.

भूमी बुडाली नसेल, तर ती सरकली असली पाहिजे. आल्फ्रेड व्हेगेनर यांनी १९१२ मध्ये हा विचार मांडला आणि १९१५ मध्ये तो ग्रंथरूपाने विस्तारला. त्याच १९१२ च्या फेब्रुवारीत, दक्षिण ध्रुवाहून परतताना, मृत्यूच्या छायेत असलेल्या स्कॉट यांच्या तुकडीने सुमारे १६ किलोग्रॅम दगड बरोबर घेतले होते. ते त्यांनी अखेरपर्यंत टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे अवशेष असल्याचे सीवर्ड यांनी १९१४ मध्ये दाखविले. दक्षिण आफ्रिकेचे द्यू त्वा यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात या बाजूचा पुरावा साक्षेपाने मांडला. तरीही खंड हलविणारी पुरेशी प्रेरणा कोणती, हा जेफ्रीझ यांचा आक्षेप अनुत्तरित राहिला आणि खंडविप्लवाची उपपत्ती अनेक दशके उपेक्षित ठरली.

निर्णायक साक्ष पुन्हा दख्खनकडून आली. लाव्हा थिजताना त्यातील लोहकणांवर तत्कालीन चुंबकक्षेत्राची दिशा कायम उमटते व तिच्या कलावरून त्या स्थळाचा अक्षांश काढता येतो. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या बेसाल्टाची अशी मापने प्रसिद्ध केली. त्यांवरून लाव्हा वाहिला तेव्हा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता असे दिसले. १९६३ मध्ये व्हाइन व मॅथ्यूज यांनी महासागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला आणि सागरतळ पसरतो, हे काही वर्षांतच सर्वमान्य झाले. गोंडवन सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी फुटू लागले. त्यापासून सुटलेला भारत उत्तरेस येऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला आणि हिमालय उभा राहिला.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. लेम्युरिया हे एका स्पष्टीकरणाचे नाव होते. स्पष्टीकरण गेले, तेव्हा त्या नावाच्या हाती दाखवावयास काही उरले नाही. पुढे ते थिऑसफीच्या व तमिळ पुराणकल्पनांच्या आश्रयाने राहिले. गोंडवन हे प्रथम थरांचे नाव होते. त्या थरांवर झ्यूस यांनी बुडालेले खंड उभारले, व्हेगेनर यांच्या अनुयायांनी सरकणारे खंड उभारले. खालचे थर होते तेथेच होते आणि प्रत्येक नव्या उपपत्तीस त्यांच्यापाशी येऊन आपली परीक्षा द्यावी लागली. परिभाषा घडविणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे: नाव शक्यतो जे दिसते त्याला द्यावे, ते का झाले याला नव्हे. मेडलिकॉट यांनी कोळशाच्या थरांसाठी शब्द निवडताना खंडांचा विचारही केला नव्हता. त्यांचा शब्द टिकला, त्याचे एक कारण हेच होय.