पायलोप्लास्टीनंतरची देखरेख

मूत्रपिंडाच्या तोंडाशी असलेला अडथळा दुर्बिणीने काढल्यावर लघवीची वाट खरोखर मोकळी झाली का, हे पुढची काही वर्षे तपासत राहण्याची पद्धत. मूत्रपिंडात लघवी जमते ती पिशवी मूत्रवाहिनीला मिळते तो जोड जन्मतः अरुंद असला किंवा आडव्या रक्तवाहिनीने दाबला गेला, की पिशवी फुगते. तो भाग कापून नवा जोड शिवणे म्हणजे पायलोप्लास्टी; तिची अँडरसन-हाइन्स रीत १९४९ची. लॅपरोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने, ती १९९३च्या सुमारास होऊ लागली. यश नव्वद टक्क्यांच्या वर असते. उरलेले रुग्ण वेळीच सापडावेत म्हणून ही देखरेख.

पहिले दोन-तीन दिवस ताप, लघवीचे प्रमाण आणि पोटातल्या नळीतून येणारा स्राव पाहतात. तो वाढला तर जोडातून लघवी झिरपत असल्याची शंका घ्यावी लागते. घरी जाताना शरीरात डीजे स्टेंट असतो. दोन्ही टोकांना वळलेली ही बारीक नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. ती आत असेपर्यंत लघवी करताना कुशीत कळ येणे, श्रमानंतर लघवी गुलाबी होणे अपेक्षितच. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्टेंट विसरला, तर तीन महिन्यांपलीकडे त्यावर क्षारांचा थर चढू लागतो, पुढे खडा धरतो आणि नळी काढायला नवी शस्त्रक्रिया लागते.

विसरणे अवघड नाही. पालघर तालुक्यातले किनाऱ्यावरचे नवापूर (नंदुरबारचे निराळे) घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या फुरसतीत शस्त्रक्रिया उरकलेल्या खलाशाची स्टेंटची तारीख नेमकी बोटी समुद्रात गेल्यावर येते. जवळच्या बोईसरच्या कारखान्यांतला परप्रांतीय कामगार तोवर गावी गेलेला असतो. दुखायचे थांबलेले असते, त्यामुळे घाई कुणालाच वाटत नाही. काढण्याची तारीख कार्डावर ठळक लिहून घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगावी.

स्टेंट निघाल्यावर महिना-दीड महिन्याने सोनोग्राफी होते. अहवालात ‘सूज’ दिसली की घरचे धास्तावतात. पण वर्षानुवर्षे ताणलेली पिशवी निचरा सुधारल्यावरही ढिलीच राहू शकते. निवाडा मुख्यतः तीन ते सहा महिन्यांनी होणाऱ्या रेनल स्कॅनवर असतो. टेक्नेशियम-९९एम जोडलेले औषध शिरेतून देऊन, मग लघवी वाढवणारे इंजेक्शन टोचून, गॅमा कॅमेऱ्याने निचरा मोजतात. अर्धे औषध दहा मिनिटांच्या आत उतरले तर वाट मोकळी. वीस मिनिटांहून जास्त लागली तर अडथळ्याची शंका. मधल्या आकड्यांना पुन्हा तपासणी. या स्कॅनसाठी न्यूक्लिअर मेडिसिनचे केंद्रच लागते, आणि त्यासाठी बोईसरहून मुंबईकडची गाडी धरण्याची तयारी ठेवावी.

रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणून स्कॅन टाळू नये. एक मूत्रपिंड निकामी होत असले तरी दुसरे धडधाकट असेल तर हा आकडा हलतही नाही. बहुतेक अपयश पहिल्या दोन वर्षांत कळते. काही जोड त्यानंतरही आक्रसतात, म्हणून पुढे वर्षाकाठी एक सोनोग्राफी करतात.