घरात इंटरनेट आहे. पण कुणाच्या हाती?

१/५
२०१० साली जनगणनेच्या घरयादीसाठी प्रगणक दारोदार फिरले, तेव्हा रेडिओ, दूरचित्रवाणी, सायकल यांच्या जोडीला त्यांच्यापाशी एक नवा प्रश्न होता : घरात संगणक वा लॅपटॉप आहे का, आणि असल्यास त्याला इंटरनेट आहे का? भारताच्या जनगणनेत हे प्रथमच विचारले जात होते.

२/५
संगणक ९.५ टक्के कुटुंबांत आढळला. इंटरनेटसह संगणक अवघ्या ३.१ टक्के कुटुंबांत. मोबाइलवरील इंटरनेट मात्र या प्रश्नाच्या चौकटीबाहेरच राहिले.

३/५
राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) ही चौकट रुंदावली. कोणत्याही साधनावरचे इंटरनेट धरूनही, ती सोय शहरांत ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांकडेच होती.

४/५
याच फेरीत घराबरोबर घरातील प्रत्येक व्यक्तीविषयीही विचारले गेले : इंटरनेट वापरता येते का? ग्रामीण भागात ५ वर्षे व त्यावरील पुरुषांत हे प्रमाण १७.१ टक्के, स्त्रियांत ८.५ टक्के. कुटुंबाच्या एका आकड्याआड झाकलेली दरी येथे उघडी पडली.

५/५
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. कोणती मुले त्या वर्गाबाहेर राहणार, हे या तक्त्यांत आधीच नोंदलेले होते. उद्याच्या इतिहासकाराने हे तक्ते अवश्य वाचावेत. मात्र आकड्याआधी त्यामागचा प्रश्न वाचावा.