आरमारी स्पर्धा, ब्रिटन-जर्मनी

(१८९८–१९१४). एका राष्ट्राचा लष्करी खर्च दुसऱ्या राष्ट्राच्या खर्चास कशी चालना देतो, याचे पहिल्या महायुद्धापूर्वीचे ठळक उदाहरण. ब्रिटनने १८८९ च्या कायद्यान्वये आपले आरमार अन्य कोणत्याही दोन राष्ट्रांच्या एकत्रित आरमाराइतके सबळ ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्या वेळी ब्रिटिशांच्या नजरेसमोर फ्रान्स व रशिया होते. आल्फ्रेट फोन टिर्पिट्स (१८४९–१९३०) या जर्मन नौदलमंत्र्याने १८९८ व १९०० मध्ये दोन कायदे संमत करून घेतल्यावर चित्र पालटले. दुसऱ्या कायद्याने ३८ युद्धनौकांचे आरमार उभारण्याचे ठरले. या आरमाराशी झुंजताना ब्रिटन इतर राष्ट्रांपुढे दुबळा पडेल आणि त्या भीतीने जर्मनीशी जुळते घेईल, असा टिर्पिट्सचा हिशेब होता. ब्रिटन अधिक खर्च करूनच उत्तर देईल, ही शक्यता त्यात पुरेशी धरलेली नव्हती.

ब्रिटनने १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका सेवेत आणली. १२ इंची दहा तोफा, बाष्प टरबाइन आणि ताशी २१ सागरी मैल वेग यांमुळे जुन्या युद्धनौका कालबाह्य ठरल्या. त्यांत ब्रिटनच्याही होत्या. स्पर्धा जणू नव्याने सुरू झाली. जर्मनीने १९०७ मध्ये तशाच नौकांची बांधणी आरंभिली. एवढेच नव्हे, तर त्या जाव्यात म्हणून कील कालवाही रुंद करावा लागला. ते काम १९१४ मध्ये संपले.

युद्धनौका बांधण्यास दोन-तीन वर्षे लागत. त्यामुळे प्रत्येक अर्थसंकल्प प्रतिस्पर्ध्याच्या आजच्या बळाला नव्हे, तर उद्याच्या अंदाजित बळाला उत्तर देई. जर्मनी गुप्तपणे बांधणीचा वेग वाढवीत आहे, अशा समजुतीने १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये घबराट पसरली. नौदलाने सहा नौका मागितल्या, काटकसरवादी मंत्री चारच देण्यास तयार होते आणि अखेर मंजूर झाल्या आठ! तो अंदाज पुढे फोल ठरला. पैसा मात्र खर्च झालाच. हा भार व वृद्धांचे निवृत्तिवेतन यांसाठी लॉइड जॉर्जने श्रीमंतांवर नवे कर सुचविले. उमराव सभेने अर्थसंकल्प फेटाळला आणि त्या संघर्षातून १९११ चा संसद कायदा जन्मला. जर्मनीत केंद्र शासनाची भिस्त अप्रत्यक्ष करांवर व कर्जांवर होती. वारसा कराचा प्रस्ताव फसल्यावर १९०९ मध्ये चॅन्सेलर ब्यूलोला पद सोडावे लागले.

मैत्रीच्या करारांनीही ही लागण थांबली नाही. इटली व ऑस्ट्रिया-हंगेरी परस्परांचे मित्र असूनही एड्रिॲटिक समुद्रात एकमेकांविरुद्ध नौका बांधीत होते. ब्राझीलने ब्रिटनकडून ड्रेडनॉट घेताच अर्जेंटिनाने अमेरिकेकडे व पुढे चिलीने ब्रिटनकडे मागणी नोंदविली.

ब्रिटनचा नौदल खर्च १९०८-०९ मध्ये सु. ३·२ कोटी पौंड होता. १९१४-१५ च्या अंदाजपत्रकात तो ५ कोटींवर गेला. हॉल्डेनची १९१२ ची बर्लिनमधील बोलणी फिसकटली. तथापि त्याच सुमारास रशिया व फ्रान्स यांच्या धास्तीने जर्मनी भूदलाकडे वळला आणि आरमारी चुरस काहीशी मंदावली. म्हणून केवळ या स्पर्धेला महायुद्धाचे कारण मानणे योग्य होणार नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाने वाढ, स्वतःच्या आर्थिक बोजाने घट आणि जुन्या वैराची भर अशी गणिती मांडणी ल्यूइस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केली. त्यासाठी त्याने १९०९–१३ मधील फ्रान्स-रशिया व जर्मनी-ऑस्ट्रिया या गटांचे आकडे वापरले. ब्रिटनला त्याने या गणितातून वगळले होते.