समाजाचं इस्पितळ म्हणजे कुणाचं?

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे दाण्याच्या वखारी आणि व्यापाऱ्यांची दाट वस्ती. आपल्या कच्छी जैनांची कितीतरी घरं तिथलीच. वखारीत उंदीर मरून पडत होते, पण उंदरावरच्या पिसवांतून रोग पसरतो हे सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये मांडलं. तोवर नुसता अंधार.

लोकांना रोगाइतकीच सरकारी इस्पितळाची धास्ती होती. तिथे नेलेलं माणूस परत येत नाही, असं बोललं जाई. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगार चिडून आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. पुढे फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला. (करोनात, २०२०मध्ये, तोच पुन्हा वापरला. आपल्या निसरपूरच्या बायांचा जुना शेजार २०१९मध्ये नर्मदेच्या बुडितात मोडला होता, आणि वर्षाच्या आत दारं लावून बसायची वेळ आली. अडीअडचणीला हाक मारायची तरी कुणाला?)

मग पारशी, जैन, खोजा अशा एकेका समाजाने स्वतःची प्लेग इस्पितळं काढली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभं केलं. हे काम मोठंच होतं. बाईच्या अंगाला परका पुरुष हात लावणार नाही, जवळचं माणूस उशाशी बसेल, जैन बाईला दिवस मावळायच्या आत तिच्या रीतीचं जेवण मिळेल, एवढ्या भरवशावर घरात लपवलेली आजारी माणसं बाहेर येऊ शकत होती. सरकारला सोल्जर धाडूनही जे जमलं नाही, ते आपलेपणाने जमत होतं.

पण ही इस्पितळं चालत होती देणग्यांवर. ज्या समाजात देणगी देणारा शेठ नाही, त्याचं काय? गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणत्या दारात न्यायचं? समाजसेवा म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे बहुतेक आपलीच आडनावं असतात. तेव्हाही तसंच होतं, असं मला वाटतं.

सावित्रीबाई फुल्यांनी हे दार उघडलं. सैन्यात डॉक्टर असलेल्या मुलाला, यशवंतला, त्यांनी बोलावून घेतलं आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मोकळ्या रानात, कुणालाही जात न विचारता. वय पासष्टीच्या पुढचं, तरी रोगी आणायला त्या स्वतः जात. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या मळ्यापर्यंत चालत आल्या. त्यातूनच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ला त्या गेल्या. रँडचे गोरे सोल्जर पुण्यातल्या घराघरांत शिरले, तेही त्याच मार्चमध्ये.

यशवंतरावही १९०५मध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताकरताच गेले.