मलावीचे पहिले मंत्रिमंडळ

स्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना ध्वजारोहणाच्या रात्रीचे वर्णन सविस्तर येते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना राज्यकारभाराच्या मेजाभोवती बसावयाचे असते, त्यांचे एकमेकांशी नाते काय, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः नव्या राष्ट्राचे भवितव्य पुष्कळदा त्या नात्यावरच ठरते. आग्नेय आफ्रिकेतील मलावी या छोट्या देशाने याचा प्रत्यय फार लवकर घेतला. ६ जुलै १९६४ रोजी तो स्वतंत्र झाला आणि त्यानंतर अवघ्या ६३ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, त्याचे पहिले मंत्रिमंडळ फुटले.

ब्रिटिशांच्या अमदानीत या देशाचे नाव न्यासालँड असे होते. १९५३ मध्ये ऱ्होडेशियाशी त्याची सांगड घालून एक संघराज्य बनविण्यात आले. गोऱ्या वसाहतवाल्यांचे वर्चस्व असलेले हे संघराज्य तेथील जनतेला कधीच मानवले नाही. त्याविरुद्ध चळवळ उभारणारे तरुण बुद्धिमान होते, निर्भय होते. पण फारच तरुण होते. हेन्री मसाउको चिपेंबेरे आणि कन्यामा चिउमे हे १९५६ मध्ये विधिमंडळात निवडून आले, तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. ज्या समाजात वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान, तेथे आपले कोण ऐकणार, ही त्यांची अडचण होती. म्हणून त्यांनी डॉ. हेस्टिंग्ज बांडा यांना साद घातली. बांडा तारुण्यातच देश सोडून गेलेले; अमेरिकेत आणि एडिंबरोत वैद्यक शिकून त्यांनी अनेक वर्षे इंग्लंडात व नंतर गोल्ड कोस्टमध्ये व्यवसाय केला होता. ६ जुलै १९५८ रोजी ते मायदेशी परतले. त्यांना उद्धारकर्ता म्हणून लोकांपुढे उभे करावे, अशी योजना या तरुणांनीच आखली होती.

ती योजना अपेक्षेबाहेर सफल झाली. मार्च १९५९ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. बांडा, चिपेंबेरे आणि चिसिझा बंधू यांना ग्वेलोच्या तुरुंगात डांबण्यात आले. महिला आघाडीच्या नेत्या रोझ चिबांबो यांना तर तान्ह्या बाळासह कारावास घडला. नेते बंदिवासात असताना ऑर्टन चिर्वा या बॅरिस्टरांनी मलावी काँग्रेस पक्ष स्थापन केला आणि १९६० मध्ये बांडा सुटताच पक्षाचे अध्यक्षपद त्यांच्या स्वाधीन केले. भरताने पादुका सिंहासनावर ठेवून राज्य राखावे आणि वेळ येताच ते परत द्यावे, तसाच हा प्रकार होता. १९६३ च्या अखेरीस संघराज्य विसर्जित झाले आणि पुढच्याच वर्षी स्वातंत्र्य आले.

स्वातंत्र्याबरोबर ब्रिटिश धर्तीची मंत्रिमंडळ पद्धतीही आली. या पद्धतीत पंतप्रधान हा समानांमधील पहिला असतो. निर्णय विचारविनिमयाने होतात आणि झाल्यावर ते सर्वांचे मानले जातात. चिर्वा न्यायमंत्री झाले, चिउमे परराष्ट्रमंत्री, चिपेंबेरे शिक्षणमंत्री, यातुता चिसिझा गृहमंत्री. पण या सहकाऱ्यांचा उल्लेख बांडा चारचौघांत ‘माझी मुले’ असा करीत. मोठी खाती नावापुरती त्यांच्याकडे होती. अंतिम शब्द मात्र एकाचाच होता.

मतभेदाचे प्रश्न क्षुल्लक नव्हते. सरकारी खात्यांतील वरच्या जागांवर अद्याप गोरे अधिकारीच होते आणि तेथे आफ्रिकी माणसे लवकर नेमावीत, असा मंत्र्यांचा आग्रह होता. इस्पितळात येणाऱ्या बाह्यरुग्णांवर तीन पेन्सांची आकारणी सुरू झाली. गरिबांच्या डोळ्यांत ती खुपत होती. परराष्ट्र धोरणात कम्युनिस्ट चीनला मान्यता द्यावी की नाही, हा वाद होता. सर्वांत तीव्र मतभेद पोर्तुगालविषयी होता. ज्या पोर्तुगीज सत्तेला डिसेंबर १९६१ मध्ये गोवा सोडावा लागला, तीच सत्ता शेजारच्या मोझांबिकमध्ये ठाण मांडून होती. तिच्याशी सलोखा राखणे मंत्र्यांना लांच्छनास्पद वाटे. बांडांचे उत्तर भूगोलाचे होते. मलावीला समुद्रकिनारा नाही. त्याचा माल बेईरा बंदराला नेणारा लोहमार्ग मोझांबिकमधूनच जातो आणि देशाची तिजोरी ब्रिटिश अनुदानावर चालते. दोन्ही बाजूंना आपापले बळ होते. असे प्रश्न समोरासमोर बसून सोडविण्यासाठीच तर मंत्रिमंडळ असते!

परंतु तसे घडले नाही. विनाचौकशी स्थानबद्धतेच्या प्रश्नावर कॉलिन कॅमेरॉन हे एकमेव गोरे मंत्री आधीच बाहेर पडले होते. ऑगस्टमध्ये इतर मंत्र्यांनी आपली गाऱ्हाणी उघडपणे मांडली. बांडा प्रथम राजीनाम्याची भाषा बोलले. मग संसदेचा कौल घेण्याचे ठरले. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी चिर्वा, चिउमे व ऑगस्टीन ब्वानाउसी या तीन मंत्र्यांना आणि संसदीय सचिव रोझ चिबांबो यांना बडतर्फ केले. चिसिझा व विली चोकानी यांनी त्यांच्यापाठोपाठ राजीनामे दिले. चिपेंबेरे त्या वेळी कॅनडात होते; परतताच त्यांनीही सहकाऱ्यांची वाट धरली. सभागृहाने विश्वास दाखविला तो पंतप्रधानांवर. ज्यांनी मूर्ती घडवून देव्हाऱ्यात बसविली, त्यांनाच आता ती हलवता येईना.

पुढील कथा दुःखद आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये चिपेंबेरे यांचा उठाव फसला. १९७५ मध्ये अमेरिकेत, परक्या भूमीवर, त्यांचा अंत झाला. चिसिझा १९६७ मध्ये सशस्त्र तुकडी घेऊन देशात शिरले आणि मारले गेले. चिर्वा यांना १९८१ मध्ये पत्नी व्हेरासह पकडण्यात आले. फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९९२ मध्ये तुरुंगातच त्यांनी देह ठेवला. बांडा १९७१ मध्ये तहहयात अध्यक्ष झाले. अनेक खाती त्यांनी स्वतःकडेच ठेवली. मंत्रिमंडळ नावाला उरले, कारण ‘नाही’ म्हणू शकेल असा कोणी त्यात उरला नव्हता. अखेर १९९३ च्या सार्वमताने एकपक्षीय राजवट नाकारली आणि १९९४ च्या निवडणुकीत बांडांचा पराभव झाला.

मंत्रिमंडळाची घटना कागदावर एका दिवसात उतरविता येते. सहकाऱ्याचा विरोध ऐकून घेण्याची सवय मात्र चळवळीच्या काळातच लावून घ्यावी लागते. विजयाच्या घाईत मलावीच्या तरुणांनी ती सवय पुढाऱ्याला लावली नाही आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. तीस वर्षे परदेशी काढून रोझ चिबांबो मायदेशी परतल्या. २०१२ मध्ये मलावीने नव्या नोटा काढल्या, तेव्हा हजार क्वाचांच्या नोटेवर बांडांचे चित्र आले आणि दोनशेच्या नोटेवर चिबांबोंचे. एका मेजाभोवती जे ६३ दिवसच एकत्र नांदले, ते आता लोकांच्या खिशात शेजारी शेजारी विसावले.