पाइसा उत्परिवर्तन

कोलंबियातील अँतिओकिया प्रांतातल्या काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला, अकाली अल्झायमर घडवणारा जनुकीय दोष. तेथील लोकांना पाइसा म्हणतात, त्यावरून हे नाव. शास्त्रीय संज्ञा ई२८०ए : प्रेसेनिलिन-१ या प्रथिनात २८० व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी अलानिन येते. दोष आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. त्यामुळे दोषवाहकाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हातारपणीच्या मेंदूविकारांचा थेट माणसात अभ्यास करता येईल अशी जी मोजकी मानवी प्रतिरूपे जगात आहेत, त्यांत ही घराणी अग्रगण्य मानावी लागतात.

१९८४ मध्ये फ्रान्सिस्को लोपेरा (१९५१–२०२४) या तरुण मेंदूविकारतज्ज्ञाकडे बेलमिरा गावचा, चाळिशीतच भान हरपत चाललेला एक रुग्ण आला. त्याच्या नात्यागोत्यातही तोच आजार निघाला. पुढे यारुमाल, अँगोस्तुरा अशा डोंगराळ गावांत फिरून, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी चाळून लोपेरा आणि मेदेयिन येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी वंशावळी जुळवल्या. तो काळ कोलंबियात सशस्त्र टोळ्यांच्या हिंसाचाराचा. गावोगाव हिंडणे जोखमीचे होते. गावकरी या आजाराला ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा म्हणत. कोणी शापाला दोष देई, कोणी एखाद्या झाडाला हात लागल्याला. जनुकीय कारण १९९० च्या दशकाच्या मध्यास निश्चित झाले. सर्व शाखा धरून या गोतावळ्यात सुमारे ६,००० माणसे आहेत. दोष वसाहतकाळात स्पेनहून आला असावा, असा जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

एरवी असा अभ्यास उंदरांवर होतो; पण उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. मानवी जनुके घालून तयार केलेल्या उंदरांच्या मेंदूत अमिलॉइड हे प्रथिन साचते. पण माणसात दिसतात तसे टाऊ प्रथिनाचे गुंते आणि चेतापेशींचा मोठा नाश त्यांतील बहुतेकांत आढळत नाही. अशा उंदरांना गुण देणारी औषधे रुग्णांवर वाया गेली, त्यामागे हेही एक कारण आहे. माणसात दुसरीच अडचण : लक्षणे दिसेपर्यंत रोगाची सुरुवात होऊन वर्षे लोटलेली असतात. अँतिओकियात मात्र जनुकतपासणीवरून रोग कोणाला होणार ते अगोदर कळते, आणि साधारण केव्हा तेही. सौम्य विस्मरण ४४ व्या, तर स्मृतिभ्रंश ४९ व्या वर्षाच्या आसपास. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेट चित्रणांत अमिलॉइडचा साठा अठ्ठाविशीच्या सुमारास वाढू लागल्याचे दिसले. विस्मरणाआधीची ही सोळाएक वर्षे उंदराने दाखवली नसती.

प्रतिबंधाचा मोठा प्रयोग येथेच झाला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या क्रेनेझुमॅब या अमिलॉइडविरोधी औषधाच्या चाचणीत २५२ जण होते. त्यांत दोष नसलेलेही घेतले होते आणि त्यांना फक्त औषधाविना सुई मिळे; चाचणीत नाव आहे एवढ्यावरून कोणाला आपले भविष्य उमगू नये, म्हणून ही योजना. २०२२ मध्ये निकाल लागला : औषधाचा ठोस परिणाम नाही. प्रतिरूपाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. एकाच जनुकामुळे होणारा असा अल्झायमर एकूण रुग्णांत फार विरळा. पंचाहत्तरीत विसराळू झालेल्या आजोबांना इथले निष्कर्ष जसेच्या तसे लावणे धाडसाचे.

सर्वांत मोलाची माहिती दिली ती अपवादांनी. २०१९ मध्ये वर्णिलेल्या एका दोषवाहक स्त्रीला पंचेचाळिशीत अपेक्षित असलेला विसर सत्तरीत पडू लागला. तिच्या मेंदूत अमिलॉइड भरपूर, टाऊ मात्र बेताचे होते. एपीओई जनुकाच्या ‘क्राइस्टचर्च’ या दुर्मीळ प्रकाराच्या दोन्ही प्रती तिच्याकडे निघाल्या. २०२० मध्ये वयाच्या ७७ व्या वर्षी कर्करोगाने ती गेली. मेंदू संशोधनासाठी दान केला होता. एकच प्रत असलेल्या २७ नातलगांत लक्षणे सुमारे पाच वर्षे लांबल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०२३ मध्ये, रीलिन जनुकातील बदलामुळे ६७ व्या वर्षापर्यंत शाबूत राहिलेला एक पुरुषही नोंदला गेला. क्राइस्टचर्च प्रकाराची नक्कल करणारी प्रतिपिंडे तयार झाली असून त्यांची पहिली पारख, रिवाजाप्रमाणे, उंदरांवरच झाली आहे.