यादवी, जवाहीर आणि भिवंडीची खाडी

ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि पेशवाईत यादवी माजली. ‘बारभाईंचा कारभार’ हा प्रयोग आज गोंधळ सुचवितो. परंतु रघुनाथरावांना गादीपासून दूर ठेवले ते याच बारभाईंनी. रघुनाथरावांची खरी अडचण द्रव्याची. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहान्वये अडीच हजार फौजेकरिता दरमहा दीड लाख रुपये देण्याचे त्यांनी मान्य केले, रोकडीअभावी सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवले आणि साष्टी-वसई लिहून दिली. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच घेतला होता. म्हणजे भिवंडीसमोर खाडीपलीकडे परकी सत्ता येऊन बसली. १७८० मध्ये प्रथम कल्याण, मग डिसेंबरात वसई पडली. भिवंडी या दोहोंमध्ये. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.